शनिवारचा सोनचाफा

“मॅडम, घोडं अडलंय कुठे?” हर्षवर्धनने दारातूनच विचारलं.

“कुठे नाही. वाचतेय,” आशालता स्क्रीनवरची नजर न काढता म्हणाली.

“सोमवारपासून वाचताय! आज गुरुवार. उद्या सुट्टी, शनिवारी नवीन सिस्टीम चालू पाहिजे.”

हर्षवर्धन मालकांचा पुतण्या. पोरगा मनाने चांगला, फक्त पायाला चाकं लावलेली. सातिवलीच्या या कारखान्यात पंपांचे सुटे भाग होत, आणि कुठला माल कुणाकडे कधी जायचा, हे सगळं कोपऱ्यातल्या सर्व्हरवर असे. तिथला जुना प्रोग्राम आता अखेरच्या घटका मोजत होता. त्याच्या जागी नवा आणायचा, तोही दुसऱ्या कंपनीच्या भाड्याच्या सर्व्हरवर नाही, आपल्याच मशीनवर, असं ठरलं होतं. तो कसा बसवायचा, एवढंच आशालतावर सोडलं होतं. पण घोडं अडलं होतं ते तिथेच.

वाटा दोन होत्या. एक तिच्या ओळखीची: एकेक गोष्ट स्वतःच्या हाताने बसवायची, एकमेकींशी जोडायची, कुठली आधी आणि कुठली मागून सुरू करायची ते लक्षात ठेवायचं. दुसरी कंटेनरची. सगळं आधीच भरलेला तयार डबा आणायचा आणि मशीनवर ठेवून द्यायचा. वीज गेली, आली, की तो आपला आपण उठतो.

“कंटेनरच टाका ना,” हर्षवर्धन म्हणाला. “सिंपल आहे. प्रॉब्लेम आला तर अंधेरीची सॉफ्टवेअर एजन्सी पण तिकडून बघेल. शनिवारी लवकर यायची तुमची कटकट पण जाईल.”

तो भल्यासाठीच बोलला. आशालता मात्र मनात पुढचा हिशेब करू लागली. शनिवारी यायची गरज उरली नाही, तर सोमवारी तरी कशाला उरेल?

शुक्रवारी कारखाना बंद. वॉचमन मेन स्विच पाडून टाकी. शनिवारी सकाळी सगळ्यांच्या आधी आशालता यायची, मशीन सुरू करायची, मग तिला ठाऊक असलेल्या क्रमाने एकेक गोष्ट उठवायची. तोवर सगळे बाहेर चहाचे कप घेऊन ताटकळत. टेम्पोवालेसुद्धा. कुणीतरी काचेवर टकटक करून विचारी, “आशाताई, झालं?” ती आतून म्हणे, “झालं!” मग कारखान्याचा आठवडा सुरू होई. हे सगळं आपोआप होईल अशी सोय जुन्या प्रोग्राममध्येही करता आली असती. तिला ते येत होतं. तिने केलं नव्हतं, एवढंच.

दुपारी डबा खाताना तिने जीनाला सांगितलं. जीना डिस्पॅच बघायची. वीस वर्षांपासूनची मैत्रीण, तोंडाने फटकळ.

“मग टाक ना तो कंटेनर,” जीना म्हणाली. “शनिवारी मी पण आरामात येईन.”

“आणि मला काढलं म्हणजे?”

“आशाबाय, काढायचं तर तुला कसं पण काढतील. आणि तू हाताने बसवून ठेवलंस तर? गेल्या वर्षी तुला ताप आलेला, फोनवर मला एकेक अक्षर सांगत होतीस, आठवतं? बाहेर तीन टेम्पो उभे आणि मी रडते!”

आशालताला आठवत होतं. जीना रडत होती तेव्हा तापातही आपल्याला मनातून बरं वाटलं होतं, हेही आठवत होतं. तिने डब्याचं झाकण लावलं. भाजी तशीच राहिली.

जागेवर येऊन ती पुन्हा तळ्यात-मळ्यात करत बसली. पहिली वाट उघडली, मिटली. दुसरी उघडली. उठून पाणी प्यायली. मग काहीतरी करायचं म्हणून सर्व्हर पुसायला घेतला.

त्यावर शनिवारचं फूल होतं. तिचं सासर उमेळ्याचं, घरामागे सोनचाफ्याची वाडी. अर्धी बिल्डरकडे गेली होती, उरलेलीतली फुलं तिचा नवरा नरहरी पहाटे उठून खुडायचा. दर शनिवारी एक फूल तो तिच्या हातात देई, “तुझ्या मशीनला,” म्हणून. एरवी गुरुवारपर्यंत पाकळ्या काळ्या पडून गळून जायच्या. हे फूल गळलं नव्हतं. ते उमललंच नव्हतं. हिरवी, कच्ची कळी होती ती, मिटल्या मिटल्या वाळलेली.

आशालता फडकं हातात धरून उभी राहिली. लहानपणापासून चाफा खुडणारा माणूस. कळी उद्या उमलणार की परवा, हे लांबून सांगायचा. गेल्या महिन्यात फुलवाल्याने कच्च्या कळ्या म्हणून माल परत धाडला, तेव्हा नरहरी हवेला शिव्या देत होता. डॉक्टरांनी मोतीबिंदू पिकलाय म्हणून सांगितलं होतं. ते ऑपरेशन करत फक्त शनिवारी. दोनदा तारीख मिळाली, दोनदा आशालताने पुढे ढकलली. “तुझा शनिवार मोकळा होईस्तोवर मी आंधळा होईन गो,” तो हसून म्हणाला होता, आणि तीही हसली होती. आता त्या हसण्याची तिला लाज वाटली.

तिने खुर्ची ओढली आणि सर्व्हरवर कंटेनर उतरवायला घेतला.

संध्याकाळपर्यंत जुनी माहिती नव्यात आली. मग तिने जीनाला बोलावलं, आणि तिच्यादेखत सर्व्हरची वायर भिंतीतून उपटली.

“अगं!” जीना ओरडली.

आशालताने वायर परत लावली आणि हाताची घडी घातली. दिवे लागले. पंखा घरघरला. थोड्या वेळाने पडद्यावर नवा प्रोग्राम हजर झाला, कुणी बोट लावलं नव्हतं तरी. जीनाने टाळ्या पिटल्या. आशालताला रडू येत होतं. तिने नाक शिंकरून घेतलं आणि धुळीला दोष दिला. मग दवाखान्याला फोन लावून परवाच्या शनिवारचीच तारीख मागून घेतली.

शनिवारी सकाळी नरहरीने सवयीने चाफा हातात दिला. पुन्हा कच्चाच होता. तिने तो तसाच अंबाड्यात खोवला.

त्याला ऑपरेशनसाठी आत नेलं, तशी ती दवाखान्याच्या व्हरांड्यात येरझाऱ्या घालू लागली. फोन मुठीत. कारखान्याची वेळ झाली. टळली. आवाज बंद तर नाही ना, म्हणून तिने पाहिलं. रेंज होती. खिडकीपाशी गेली, परत आली. शेवटी तिनेच फोन लावला.

“जीना, चालू झालं?”

“कधीच! दोन टेम्पो गेले पण.”

“कुणी केलं?”

“कोणी नाही गो. वॉचमनने स्विच वर केला, बस. नरहरीदादा कसे आहेत?”

“आत आहेत.”

“बरं, ठेवते. इथे घाई आहे.”

पोरीला सासरी पाठवल्यावर घर जसं वाटतं, तसं तिला वाटलं. हे आपणच केलं, आणि चांगलं केलं, हे कळत होतं. तरी दुखायचं ते दुखतच होतं.

एका डोळ्यावर पट्टी बांधलेल्या नरहरीला नर्सने हाताला धरून आणलं आणि बाकावर बसवलं. त्याने उघड्या डोळ्याने तिला शोधलं. तोही डोळा धूसरच.

“कंपनीचा फोन?” त्याने विचारलं.

“नाही आला.”

“बघ नीट. रिक्षा करून जाशील तर पोचशील. मी बसतो अटे, या बाकावर.”

“नाही आला हो. येणार पण नाही.”

तिच्या आवाजात काय होतं, ते त्याला कळलं असावं. मग हाताने चाचपत तो बाकावर थोडा सरकला.

“मग बस की,” तो म्हणाला. “सकाळपासून उभीच हायस.”

आशालता बसली.