भरलेलं कपाट

“आहे की तुमच्याकडे! काल टीव्हीवर दाखवलं, काका. हेच कपाट, हेच निळं खोकं!” शिवणवाली दारातूनच कडाडली. “आणि मला मात्र महिनाभर नाही म्हणून वाटेला लावताय?”

औषधवाल्या काकांच्या हातातलं फडकं थांबलं. तिच्या लेकीला फिट्स यायच्या आणि त्या फक्त त्या निळ्या खोक्यातल्या परदेशी गोळ्यांनी थांबायच्या. बाहेरच्या देशांनी या देशावर निर्बंध लादले तेव्हा लादणाऱ्यांनी छातीठोकपणे सांगितलं होतं, औषधांवर बंदी नाही. नव्हतीच. फक्त औषधांचे पैसे तिकडे पोचवायला एकही बँक तयार नव्हती. उगाच बालंट नको! भांडण राज्यकर्त्यांशी आणि जीव टांगणीला लागला या पोरीचा. आजार म्हशीला, इंजेक्शन पखालीला!

काका रिकामी खोकी टाकत नसत. दर्शनी बाजूला ओळीने मांडत. कपाट ओकंबोकं दिसलं की माणसं धास्तावतात, त्यापेक्षा झाकली मूठ सव्वा लाखाची. मागे परदेशी पाहुणे आले, गोड हसले आणि कपाटाचा फोटो काढून गेले. काकाही मूर्खासारखे शर्ट नीट करून शेजारी उभे राहिले.

काल तोच फोटो दाखवत चर्चेतला एक कोटवाला म्हणाला, “बघा, औषधांची रेलचेल आहे. टंचाईची नुसती ओरड!” काकांनी टीव्हीला चप्पल फेकून मारली होती.

“कुणासाठी राखून ठेवलंय? बड्या घरच्यांसाठी?” शिवणवालीचा आवाज फाटला. “सकाळी परत फिट आली हो तिला. जीभ चावलीय पोरीनं.”

काकांनी निळं खोकं काढून तिच्या हातावर ठेवलं. ते हातात येताच तिला कळलं. उघडून बघायची गरजच पडली नाही.

“मग मांडलंत कशाला?”

“दुकानाची अब्रू राखायला,” काका म्हणाले. स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली त्यांना.

ती खोकं परत देईना. “नेते हे. दुसरीकडे विचारायला नाव तरी दाखवता येईल,” म्हणाली आणि पिशवीत जपून ठेवून निघून गेली.

काकांनी एकेक खोकं ओढून काढलं, पायाखाली चेचलं. मग फडकं घेऊन रिकामे कप्पे पुसले आणि कपाटाची दारं सताड उघडी टाकली.

“या म्हणावं आता फोटो काढायला!”

रस्त्यावरची माणसं थबकून आत बघत होती. काकांनी कुणाचीही नजर चुकवली नाही.