आत घेतलेल्या शिवणी

शिंपीणबाईंचा हट्टच तसा. संग्रहालयाने दीडशे वर्षांपूर्वीचा पुरुषी कोट हुबेहूब शिवायला सांगितला ना, मग मशीन बंद आणि टेपही बंद. त्या काळचे शिंपी गिऱ्हाइकाच्या अंगाला कागदाची पट्टी लावून कात्रीने खाच पाडत. आकडा नाही, नुसती खाच. संग्रहालयवाल्यांनी एवढं मागितलंही नव्हतं, पण बाईंना सांगणार कोण?

जुना कोट त्यांनी टाका टाका उसवला. काखेखालच्या शिवणी तीनदा आत घेतलेल्या निघाल्या, दर वेळी वेगळा दोरा. आणि छातीत कापसाचे तीन थर. आतला माणूस झिजत होता आणि त्याचा शिंपी ते झाकत होता. बाईंना ते मुळीच आवडलं नाही.

माप द्यायला आणि नवा कोट घालून बघायला हक्काचा धाकटा भाऊ होता. पहिल्या फिटिंगला कोट चपखल बसला. तीन आठवड्यांनी छातीवर सैल पडला.

"ताई, हात बिघडला तुझा," भाऊ हसला.

बाईंनी पट्टी पुन्हा लावली. नवी खाच जुनीच्या दोन बोटं आत आली. मागच्या वेळी आपलीच कात्री सरकली असणार, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. आकडा लिहिलेला असता तर तसं म्हणता आलं नसतं.

आठवड्याने आणखी एक बोट. आता मात्र बाईंनी कात्री खाली ठेवली.

"डॉक्टरकडे चल."

"कोट सैल झाला म्हणून डॉक्टर? कापूस भर की थोडा. त्या जुन्या शिंप्याने भरला तसा. कुणाला कळतंय?"

कापूस बाईंच्या हाताशीच होता. त्यांनी तो बाजूला सारला.

"शर्ट काढ. अंगालगतचं माप घेते."

"कशाला उगाच?"

"काढ म्हणते ना."

शर्टाखाली बनियन होती. ती काढली तर खाली दुसरी. भर उन्हाळ्यात. आणि दुसरीच्या गळ्यातून तिसरीची कड डोकावत होती.

"कधीपासून?"

"पहिल्या फिटिंगच्या आधीपासून," तो खाली बघत म्हणाला. "तेव्हा दोनच पुरायच्या."

म्हणजे पहिली खाचही खोटी.

त्याने दुसरी बनियन काढून टेबलावर ठेवली. तिसरीला हात घातला, तेव्हा बाईंनीच त्याचं मनगट धरलं.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "ती डॉक्टरांसमोर काढ."

तेवढं माप घ्यायची त्यांची छाती नव्हती.