चाळीस मीटरचा कॉरिडॉर

आमच्या विद्यापीठाच्या मुख्य इमारतीतला कॉरिडॉर दिवाळीच्या सुट्टीनंतर वाढायला लागला. रोज साधारण दोन खोल्यांनी वाढायचा. बाकी कोणाच्या ते लक्षात आलं नाही. अनुसयामावशींच्या आलं, कारण तो झाडायचं काम त्यांच्याकडे होतं.

एकतीस वर्षं त्या तो कॉरिडॉर झाडत होत्या. अलीकडच्या टोकाला आस्थापना विभाग, तिथे मस्टर ठेवलेलं. पलीकडच्या टोकाला कुलसचिवांचं दालन. अर्ध्या तासाचं काम. डिसेंबरात त्या कामाला दुपार व्हायला लागली. जानेवारीत त्या डबा बरोबर घेऊन आत जायच्या आणि पाच वाजता घामाघूम होऊन बाहेर यायच्या. फेब्रुवारीतल्या एका सोमवारी त्या झाडत आत गेल्या आणि आल्याच नाहीत.

त्यांचे यजमान पुंडलिकराव रोज साडेपाचला सायकल घेऊन फाटकाशी उभे राहायचे. मंगळवारी त्यांनी मला विचारलं, "अजून झाडूनच राहिली का ती?"

"हो," मी म्हटलं.

"बरं," ते म्हणाले आणि सायकल वळवून गेले. बुधवारी त्यांनी तेच विचारलं. मीही तेच सांगितलं.

मस्टर अलीकडच्या टोकाला होतं आणि त्यावर येता-जाता दोन्ही सह्या लागायच्या, त्यामुळे सोमवारपासून मावशींच्या नावापुढे रोज लाल शेरा पडत होता. सलग आठ लाल शेरे पडले की नाव कमी होतं. गुरुवारी दुपारच्या सुट्टीत सायकल स्टँडमध्ये आम्हा शिक्षकेतर कर्मचाऱ्यांची सभा झाली. निवेदन लिहून तयार होतं, त्यावर एकशे बारा सह्या होत्या. ते घेऊन कुलसचिवांकडे जाणारा माणूस तेवढा नव्हता. संघटनेच्या प्रतिनिधीची जागा नऊ वर्षांपासून रिकामी होती. त्या कामाला पगार नाही, वेगळी रजा नाही. आधीचे प्रतिनिधी गुलाबराव ढोके असंच एक निवेदन घेऊन कॉरिडॉरने गेले होते. ते निवृत्त झाले असं कार्यालयाने नंतर कळवलं होतं.

सगळे सायकलींच्या चाकांकडे बघत होते. मी रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर आहे, परीक्षानळ्या धुते. चार माणसांपुढे बोलायची वेळ आली तर माझी जीभ जड होते. पण मी नोकरीला लागले त्या दिवशी बायकांचं बाथरूम कुठे आहे एवढं सांगायचंही कोणाला सुचलं नव्हतं, ते अनुसयामावशींनी सांगितलं होतं. मी हात वर केला.

"द्वारका बोरकुटे," कोणीतरी नाव लिहून घेतलं. टाळ्या वाजल्या नाहीत. सगळ्यांनी सुस्कारा सोडला.

शुक्रवारी मी किरकोळ रजा टाकली आणि आस्थापना विभागात गेले. तिथे अधीक्षक देवपुजारी बसतात. त्यांनी कॉरिडॉरचा नकाशा काढून टेबलावर पसरला.

"हे बघा, चाळीस मीटर," ते म्हणाले. "चाळीस मीटरमध्ये माणूस हरवत नाही."

"मग मावशी कुठे आहेत?"

"गैरहजर आहेत."

"कुलसचिव साहेब आहेत का?"

"आत आहेत. पण निवेदन त्यांच्याच हातात द्यावं लागेल. मी घेऊ शकत नाही." त्यांनी नकाशाची घडी केली. घडी त्यांना बराच वेळ घालावी लागली, कागद संपत नव्हता. "सीएल एकच दिवसाची आहे ना तुमची?" घडी घालता घालता त्यांनी विचारलं.

"एकाच दिवसात परत येते," मी म्हटलं आणि निघाले.

सकाळचे सव्वाअकरा झाले होते. कॉरिडॉरमध्ये पहिली वीसेक दारं ओळखीची होती. परीक्षा विभाग, क्रीडा विभाग, लेखा, पात्रता. मग ज्यांचं नाव कधी ऐकलं नव्हतं अशा पाट्या लागल्या. पुनर्प्रतीक्षा विभाग. प्रलंबन कक्ष. मग कोऱ्या पाट्या. उजव्या हाताला खिडक्या होत्या आणि प्रत्येक खिडकीतून बाहेर तोच माळी त्याच जास्वंदीला पाणी घालत होता. ठरावीक अंतरावर भिंतीला घड्याळ होतं. सगळ्या घड्याळांत सव्वाअकराच वाजले होते. याचा मला आधार वाटला. दिवस एकच होता, आणि माझी रजा संपत नव्हती.

मी चालत राहिले. चप्पल घासली तेव्हा ती हातात घेतली. फरशी स्वच्छ होती. मावशींनी झाडलेली फरशी कुठेही ओळखू येते, त्या कोपऱ्यात कचरा सोडत नाहीत.

आधी चार माणसं शेजारी शेजारी चालू शकतील एवढी रुंदी होती. डबा खाऊन उठले तेव्हा दोघांपुरती राहिली. छतही खाली आलं होतं, हात वर केला तर पंख्याचं पातं लागलं असतं.

त्याच सुमाराला एक टेबल दिसलं. टेबलामागे गुलाबराव ढोके बसले होते. केस पांढरे झाले होते, बाकी तसेच होते. डोक्यावर पंखा फिरत होता. शेजारी एक रिकामी खुर्ची होती.

"ये, द्वारका," ते म्हणाले. "दे इकडे. मी पोचवतो."

"तुम्ही निवृत्त झालात म्हणे."

"नाही. चालून चालून दमलो होतो. इथे टेबल मांडलेलं होतं, पंखा होता. म्हटलं, पाच मिनिटं बसू." त्यांनी खाली बोट दाखवलं. कमरेखाली त्यांचे पाय नव्हते. टेबलाचे चार पाय होते, ते त्यांचेच होते. एकाच्या टोकाला त्यांची चप्पल अडकलेली होती. "आता निवेदनं मी घेतो. तशी ऑर्डर आली."

"आणि पुढे देता कोणाला?"

त्यांनी ड्रॉवर ओढला. आत निवेदनं गच्च भरली होती. त्यांनी नजर वळवली.

"तुमचं स्वतःचं काय होतं?" मी विचारलं. "कशासाठी आला होतात?"

"आठवत नाही. खरंच आठवत नाही. तळाशी असेल."

मी तळातून कागद काढला. अक्षर त्यांचंच होतं. रसायनशास्त्र प्रयोगशाळेतील परिचर द्वारका बोरकुटे यांचा हात नायट्रिक आम्लाने भाजला असून परिचरांना रबरी हातमोजे तातडीने मिळावेत, असं त्यात लिहिलं होतं. खाली तारीख होती. त्या आठवड्यात मी दवाखान्यात होते. ते माझ्यासाठी निघाले होते हे मला कोणीच सांगितलं नव्हतं. हातमोजे अजूनही आलेले नाहीत, मी स्वतःचे घेऊन जाते.

मी कागद त्यांना वाचून दाखवला. ते ऐकत होते. मग म्हणाले, "बरा झाला का हात?"

"झाला."

"बस ना थोडं. चेहरा सुकला तुझा."

खुर्ची चांगली होती, गादीची होती. पोटऱ्या इतक्या दुखत होत्या की मी तिच्या पाठीवर हात टेकला. टेकल्यावर हाताला लाकूड लागलं आणि ते कोमट होतं. मी हात काढून घेतला.

"मी उभीच बरी आहे, गुलाबराव. तुमचंही निवेदन नेते. दोन्ही एकदमच देते."

"दालनापाशी गेलीस तर दाराखालून सरकवू नकोस," ते घाईघाईने म्हणाले. "दाराखाली ड्रॉवर आहे. तो हाच आहे."

मी त्यांच्या पाया पडायला वाकले, पण पाय कोणता हे कळेना. चारही पायांना हात लावून निघाले.

पुढे कॉरिडॉर एकाच माणसापुरता झाला. दोन्ही खांदे भिंतींना घासत होते. मान वाकवून चालावं लागत होतं. खिडक्या तळहाताएवढ्या झाल्या होत्या आणि त्यातून फक्त पाण्याची धार दिसत होती. मग खराट्याचा आवाज आला.

अनुसयामावशी कमरेत वाकून झाडत होत्या. पदर डोक्याला बांधलेला होता. मी दिसले तरी त्यांचा हात थांबला नाही.

"कायले आली वो तू इतक्या दूर?" त्या म्हणाल्या.

"तुम्हाला न्यायला."

"अजून सरलं नाही ना पण. पाह्य पुढं."

मी त्यांच्या खांद्यावरून पाहिलं. त्या हातभर फरशी झाडत होत्या, आणि झाडलेली फरशी मागे गेली की पुढे हातभर नवी फरशी येत होती. नवी फरशी धुळीने भरलेलीच येत होती.

"मावशी, तुम्ही झाडता म्हणून हा वाढतो."

"मले का समजत नाही का ते?" त्या चिडल्या. "पहिल्याच महिन्यात समजलं. पण झाडलं का वाढते, अन् नाही झाडलं का मेमो येते. एकतीस वर्षांत मेमो नाही घेतला मी. दोन वर्षं राहिले माझे."

"तिकडे रोज लाल शेरा पडतो आहे तुमच्या नावापुढे. आज पाचवा पडला."

खराटा एकदा अडखळला. मग पुन्हा चालू झाला. "मी तं कामावरच आहो," त्या हळू आवाजात म्हणाल्या.

"माहीत आहे. आता खराटा खाली ठेवा."

"कोण सांगते?"

"संघटना सांगते."

"संघटना म्हंजे कोण?"

मला त्या एकशे बारा सह्या आठवल्या, आणि सायकलींच्या चाकांकडे बघणारी माणसं. जीभ जड होईल असं वाटलं होतं, झाली नाही.

"मी," मी म्हटलं. "मेमो आला तर माझ्या नावाने येईल. ठेवा खाली."

मावशींनी खराटा भिंतीशी आडवा ठेवला आणि दोन्ही हात कमरेवर ठेवून पाठ सरळ केली. पाठीतून काडकाड आवाज आला. छत तेवढ्यापुरतं वर सरकलं. पुढे येऊ घातलेली फरशी अर्धीच आली आणि थांबली.

तिच्या पलीकडे दार होतं. कंबरेएवढं, पितळी कडीचं. वर पाटी होती, कुलसचिव. दार आणि फरशी यांच्यामध्ये कागद जाईल एवढी फट होती, आणि फटीतून वारा आत ओढला जात होता.

मी गुडघे टेकून दार वाजवलं.

"साहेब बैठकीत आहेत," आतून आवाज आला.

"आम्ही थांबतो."

"निवेदन खालून सरकवा."

"नाही. हातात देणार. आणि आवक क्रमांक घेणार."

आत कुजबुज झाली. खुर्च्या सरकल्या. "तुमच्या मागण्या काय?" दुसऱ्या आवाजाने विचारलं.

"अनुसया नागोसे यांचे पाचही दिवस हजर धरायचे. कॉरिडॉर पुन्हा मोजायचा, माणसं पाठवून, नकाशावर नाही. आणि रबरी हातमोजे."

"हातमोज्यांचा विषय जुना आहे."

"हो," मी म्हटलं. "नऊ वर्षं जुना आहे."

मावशी माझ्यामागे उकिडव्या बसल्या होत्या, त्यांचा श्वास माझ्या मानेला लागत होता. मग दार टीचभर उघडलं आणि एक हात बाहेर आला. पांढरी बाही, मनगटावर घड्याळ, नखं नीट कापलेली. हात कागदासाठी उताणा थांबला.

मी दोन्ही निवेदनं त्या तळव्यावर ठेवली. बोटं मिटली आणि हात आत जायला लागला.

"आवक क्रमांक," मी म्हटलं.

हात आत चाललाच होता. मी मनगट धरलं.

"सोडा," आतला आवाज म्हणाला.

"क्रमांक द्या आणि बाहेर या. मावशी इथे आहेत, स्वतः बघा. हजर आहेत."

हाताने हिसका दिला. मी सोडलं नाही. मी ओढलं, तेव्हा कोपर बाहेर आलं. मागून मावशींनी माझ्या कमरेला घट्ट मिठी घातली आणि त्याही ओढू लागल्या. बाही येत राहिली, इस्त्री केलेली, पांढरीशुभ्र. तिच्यामागे खांदा यायला हवा होता. पुन्हा कोपर आलं. मग बरीच बाही, आणि तिसरं कोपर.

"सरते का नाही हा?" मावशी धापा टाकत म्हणाल्या.

मी दोन्ही पाय दाराच्या चौकटीला टेकवले, बाहीचा एक वेढा माझ्या मनगटाला घेतला आणि म्हटलं, "ओढा, मावशी."