पडत्या काचेला हात

काचेच्या कारखान्यात कामाला लागले त्या दिवशी मालकांनी मला एकच गोष्ट शिकवली. हातातून काच निसटली तर पकडायला जायचं नाही. दोन्ही हात वर करायचे, एक पाऊल मागे सरकायचं आणि तिला फुटू द्यायचं. माझ्या शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी एकदा हे ऐकलं नाही, तर आज त्यांना शर्टाची बटणं लावायला सुनेची मदत लागते. एकोणीस वर्षं झाली, माझे हात आपोआप वर जातात. घरात वाटी पडली तरी जातात.

अशा बाईवर म्हातारपणाच्या उंबरठ्यावर रग्बी शिकायची वेळ आली, त्याला कारण माझी पंधरा वर्षांची लेक. गेल्या मोसमात खेळताना तिचं खांद्याजवळचं हाड मोडलं. ते जुळायचा अवकाश, ही नवीन संमतीपत्र घेऊन माझ्यापुढे उभी. मी सही करणार नाही म्हटलं. आठवडाभर घरात अबोला. शेवटी तिच्या कोचबाई घरी आल्या आणि त्यांनी तोडगा काढला. मी चार रविवार मैदानावर यायचं आणि नवशिक्यांबरोबर सगळं शिकायचं. त्यानंतर मी जे ठरवेन ते लेक मुकाट्याने मान्य करील. मधेच पळाले तर मात्र सही करायची. कोचबाईंचं नाक मोडून डावीकडे वळलेलं आहे. ते समोर दिसत असताना मी हो कसं म्हटलं, देव जाणे.

पहिल्या रविवारी मैदानावर गेले. तो लांबोडा चेंडू, कुठे उसळेल त्याचा नेम नाही. शिवाय हाताने द्यायचा तो फक्त मागे. पळायचं पुढे आणि द्यायचं मागे, हे ज्याने ठरवलं त्याच्या डोक्यावर आधी कोणीतरी पडलं असणार. कोचबाईंनी बोटं पसरून छातीपुढे हात धरायला लावले. चेंडू आला, माझे हात वर गेले, पाय मागे. दहातून नऊदा हेच. नवशिक्यांमधला पोस्टमन फिदीफिदी हसला आणि पुढचा चेंडू त्याच्याच तोंडावर बसला. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

दुसऱ्या रविवारी दहातले सहा पकडले. तिसऱ्या रविवारी टॅकल आला, म्हणजे पळत्या माणसाला कमरेखाली कवळून पाडणं. आधी माणसाऐवजी गादीसारखं भरलेलं पोतं. खांदा लावायचा, डोकं मागच्या बाजूला ठेवायचं आणि हातांची मिठी घट्ट करायची. मी धडकायचे, कवळायचे, पण पोतं कलंडायला लागलं की माझे हात सुटायचे. वर. पाऊल मागे.

कोचबाई रागावल्या नाहीत. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "ताई, अर्ध्यात सोडलेला माणूस एकटाच आदळतो. हाडं तेव्हा मोडतात. धरून ठेवलंत तर तो तुमच्यासकट हळू खाली येतो."

मी लेकीच्या हाडाचं विचारलं. समोरच्या मुलीने घाबरून मधेच सोडलं होतं, त्या म्हणाल्या. मला दरदरून घाम फुटला. कारण पुढच्या रविवारी खरा माणूस पाडायचा होता आणि माझ्यासमोर आपणच धावणार, असं लेकीने जाहीर करून टाकलं होतं.

त्या आठवड्यात मी तीन काचा चुकीच्या कापल्या. गेले नाही तर सही करावी लागणार. गेले आणि हात सुटले, तर पोटच्या पोरीचं हाड माझ्याच हातून मोडणार.

चौथ्या रविवारी आखलेल्या रेघेवर उभी राहिले. सही करून टाकते, असं जिभेवर आलं होतं. लेक जवळ आली. तिचे ओठ पांढरे पडले होते.

"आई, हात वर नको नेऊस."

"तुला भीती वाटते?"

"दर वेळी."

"मग काय करतेस?"

"धावते," ती म्हणाली आणि चेंडू काखेत धरून मागे गेली.

ती आली. मी वाकले, खांदा लावला, मिठी मारली. ती कलंडली आणि माझी बोटं उघडायला लागली. मला ते स्पष्ट कळलं. मी तिच्या चड्डीचं कापड मुठीत पकडलं, डोळे गच्च मिटले आणि तिच्याबरोबर खाली आले. तोंडात गवत. कानाशी तिचा श्वास. काहीही मोडलं नव्हतं.

शिट्टी वाजली. माणूस खाली आला की पाडणाऱ्याने त्याला लगेच सोडायचं, असा नियम आहे. कोचबाईंनी तो सांगितला. मी सोडलं नाही. दुसऱ्यांदा शिट्टी वाजली.

"आई, सोड ना," लेक हळूच म्हणाली.

मी एकेक बोट सोडवलं. माझ्याविरुद्ध फाउल दिला गेला.

सही मी तिथेच केली, चिखलाच्या हाताने. भीती तसूभरही कमी झालेली नाही. दर शनिवारी सामना असतो आणि मी मैदानाच्या कडेला उभी असते. लेक पडली की माझे दोन्ही हात पुढे जातात.