एप्रिलमधली गोडी

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात वाइन बनवणाऱ्या फुलक्रां आझेमाला स्वतःच्याच कोठारातली कोरडी, म्हणजे गोडी नसलेली, लाल वाइन गोड लागू लागली. तिच्यातली साखर लिटरमागे दीड ग्रॅमही भरत नव्हती.

साखर मोजणारी त्याची मुलगी मागलोन. तिने ती यंत्राने दोनदा मोजली होती.

"यंत्राला जीभ असते का गं?" फुलक्रांने विचारले.

"नाही बाबा. म्हणून ते रुसतही नाही."

ग्रनाश, सिरा आणि कारिन्यां या तीन द्राक्षांच्या वाइन कोणत्या प्रमाणात मिसळायच्या, हे आजवर त्याचीच जीभ ठरवत आली होती. यंदा गोडी मोडायची म्हणून तो राकट, आंबट कारिन्यां वाढवत गेला. ते मिश्रण चाखताना मागलोनचे दात आंबले. लेकीचा चेहरा पाहून त्याने कोठाराची किल्ली तिच्यापुढे ठेवली.

"घे. माझी जीभ गेली. यापुढे तूच मिसळ."

त्याच्या स्वरात कुरकुर नव्हती, आणि तेच तिला सोसवेना.

"वयानं जीभ बोथट होते, बाबा. बोथट जिभेला चव कमी लागते. तुम्हाला तर नसलेली लागतेय."

दुसऱ्या दिवशी उजाडताच, उपाशीपोटी, तिने त्याला पेला दिला.

"कोरडी आहे. चांगली आहे. कुठली ही?"

"कालचीच. तुम्ही गोड म्हणालात ती."

"म्हाताऱ्याची थट्टा करतेस होय?"

दहा वाजता लेओनी, मागलोनची आई, नेहमीप्रमाणे कोठाराच्या दाराशी ताट घेऊन आली. दोन घोटांच्या मध्ये काहीतरी चघळायचे, ही या घरची जुनी रीत. मागलोन मात्र वाइनच्या शाळेत शिकली होती तशी केवळ पाण्याने चूळ भरी. ताटात पाव, मीठ, तेल आणि आर्टिचोक या वसंतातल्या भाजीचे कोवळे जांभळे कळे होते, कच्चेच चिरलेले. फुलक्रांने एक फोड चावली, घोट घेतला आणि पेला खाली ठेवला.

"झाली बघ गोड."

मागलोनने ताटाकडे पाहिले. एक फोड उचलून सावकाश चावली आणि वर पाणी प्यायली. पाणी गोड लागले.

"आई, फेब्रुवारीत या ताटात काय असतं?"

"पाव आणि सॉसेज. तेव्हा कुठले आलेत आर्टिचोक?" लेओनी म्हणाली. "वसंतात जेवताना यांना वाइन गोड लागतेच दरवर्षी. मला वाटायचं, माझ्या हाताची चव."

फुलक्रां इतका हसला की त्याला ठसका लागला. मग त्याने किल्ली खिशात टाकली आणि कारिन्यां पहिल्याइतकी कमी करायला घेतली. ताट त्याने स्वतःच आत पाठवले.

कारण असे. कच्च्या आर्टिचोकमधील काही द्रव्ये थोडा वेळ जिभेवर राहतात आणि त्यानंतरचा घोट, मग तो पाण्याचा का असेना, गोड भासवतात. या घरी मिश्रण दरवर्षी फेब्रुवारीत होई. यंदा थंडीमुळे पिंपांतले आंबणे रेंगाळले, आणि चाखण्याचे काम आर्टिचोकच्या हंगामात आले.