सुटलं म्हणलं की पाय धरायचा

आमच्या वाडीतल्या पोरी इतक्या चपळ, की कातरणीच्या दिवशी मेंढरू पळायचा नुसता विचार करतं, तोवर त्याचा मागचा पाय त्यांच्या हातात असतो. साधनानं तर एकदा पळत्या मेंढराची सावली धरली आणि मेंढरू जागेवर थांबलं. ज्याला पटत नसेल त्यानं मेंढराला विचारावं.

आमची रीत एकच. "सुटलंऽ" अशी हाक आली की ऐकणाऱ्यानं धावायचं, पाय धरायचा. मेंढरू कुणाचं, ते मागून बघायचं.

अशा नऊ पोरींची कबड्डीची टीम आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेनं बांधली. त्यातल्या रागिणी आणि राणी एका खासगी शाळेनं उचलल्या. फी माफ, रोज अंडी, आणि बूट असे चकचकीत की कावळे त्यात तोंड बघायला उतरत. मागं राहिल्या साधना धरून सात जणी. तालुक्याचा शेवटचा सामना नेमका या दोन शाळांतच लागला, जवळा बाजारच्या मैदानावर. जिंकणारी टीम जिल्ह्याला जाणार. साधना दहावीला, तिची ही शेवटची संधी.

दोन मिनिटं उरली, गुण बराबर. खासगीवाल्यांची एक पोरगी चढाईला आली आणि साधनाच्या हाताला हिसडा देऊन रेषेकडं निघाली. साधनाच्या तोंडून निघून गेलं, "सुटलंऽ"

पलीकडून रागिणी आणि राणी रेषा ओलांडून धावत आल्या आणि आपल्याच गड्याचा एकेक पाय धरून बसल्या.

मी टाळी वाजवली. मग हात थांबले. कुणासाठी वाजवली?

पंच शेषराव शिट्टी तोंडात धरून उभे. फुंकायचं त्यांना सुचेना.

"यांनी नऊ जणी खेळवल्या," खासगीचे सर म्हणाले.

"दोन तुमच्याच की," आमच्या शाळेच्या मंजुळाबाई म्हणाल्या. "नेल्या तवा मोजल्या न्हाईत का?"

सरांनी राणीला विचारलं, "काहून धरली गं?"

"ती सुटलं म्हणली ना, सर."

शेषरावांनी नियमांचं पुस्तक दोनदा चाळलं. "ही चढाई धरायची न्हाई. पुन्हा खेळा."

पण रागिणी आणि राणी मैदानाबाहेर जाऊन बसल्या. "आमी कुण्या बाजूनं हाव तेच समजून न्हाई राहिलं," राणी म्हणाली. खासगीच्या राखीव पोरी सकाळीच लंगड्या झाल्या होत्या. राहिल्या पाच.

साधनानं समोरच्या मोजल्या आणि आपल्या दोघींना म्हणाली, "बसा गं भायेर."

"डोकं फिरलं का?" मंजुळाबाई म्हणाल्या. "जिल्हा ऱ्हाईल."

"सातांनी पाच हरवल्या म्हणतील, बाई."

एका गुणानं आमचं गेलं.

परतीला एकच टेम्पो होता. नऊच्या नऊ पोरी त्यातच. वाडीत चहाच्या टपरीवाल्या ग्यानोबानं विचारलं, "काय झालं?"

"हरलो," साधना म्हणाली.

"जिंकलो," राणी खाली बघून म्हणाली.

ग्यानोबा माझ्याकडं बघून राहिला. मी त्याला म्हणलं, आधी चहा टाक.