घट्ट पेज

त्या दिवशी तीर्थपुरीचा बाजार होता. आबांना रस्ता दिसावा म्हणून मी त्यांची बाज दाराशी ओढली आणि मीठ-मिरची आणायला गेले.

आबा, माझे वडील, गावच्या शाळेत मास्तर होते; अर्धांगाच्या झटक्यानंतर त्यांना घट्ट गिळता येत नव्हतं. मी ज्वारीची दाट पेज शिजवी आणि ती कोमट झाली की मोडाचं चिमूटभर पीठ तीत मिसळी. ज्वारीला मोड आणायचे, वाळवून अंकुर चोळून काढायचे, मग दळायचं. शेजारच्या सोनूबाईची लेकरांसाठीची ही रीत. थोड्या वेळात पेज पातळ होई, पण दाणा तेवढाच पोटात जाई.

त्या दिवशी पेज तिच्यावरच सोपवली होती. संध्याकाळी परत आले तर वाटीत गोळा.

"म्या काय करू?" सोनूबाई म्हणाली. "मास्तरच म्हनले, दुप्पट पीठ टाक."

"अन् मोडाचं?"

"ते रोजच्याइतकंच."

आबा हसले. त्यांची आता एकच बाजू हसायची. "दुप्पट खाल्लं की जल्दी उभा राहीन. तुझी परीक्षा आली, शरयू. माझ्यापायी किती कुढत बसशील इथं?"

मी बोलू लागले ते वाटीबद्दल. हैदराबादच्या कॉलेजात आम्ही शास्त्र उर्दूतून शिकत होतो. मोडातलं जे द्रव्य पेज पातळ करतं, त्याला तिथं खामिरा म्हणत.

"पेज विरळ असली तर खामिऱ्याला काम कमी मिळतं, आबा. पीठ वाढवलं की वेग वाढतो, पण एका हद्दीपर्यंत. सगळा खामिरा कामाला जुंपला गेला, की पुढं कितीही पीठ घाला, वेग तेवढाच. जास्त पीठ म्हणजे जास्त वाट बघणं."

"म्हंजे माझी शाळा," आबा म्हणाले. "पाच पोरं असली तर मास्तर निम्मा रिकामा. वीस आली की बराबर कामाला लागतो. साठ आली म्हणून त्याला काय चार तोंडं फुटत न्हाईत. मंग दुसरा मास्तर आण की! टाक अजून चिमूटभर."

"डबा संपला. दुसरा मास्तर माळवदावर वाळत घातलाय."

आम्ही तिघंही हसलो. मी वाटी ढवळत राहिले. पेज पातळ होईपर्यंत आबांचा डोळा लागला होता. उठवावं की झोपू द्यावं, हे ठरवता ठरवता मी तशीच बसले.

पहाटे हात लावला तर अंग गार होतं.

दिवस झाले, पाहुणे पांगले. जाताना सगळे म्हणाले, पोरीनं परीक्षा सोडून सेवा केली, मन मारून राहिली. आबाही हेच मनात धरून गेले. दुप्पट पिठाची घाई का केली ते त्यांनी मला सांगितलं होतं. मी उत्तर दिलं ते फक्त पेजेचं.

घरात कुणी नव्हतं. मी रिकाम्या बाजेच्या काठावर बसले.

"आबा," मी मोठ्यानं म्हणाले, "मी कुढत नव्हते. मला इथंच राहायचं होतं. तुम्ही सावकाश बरे झाला असता, तरी चाललं असतं."